एका सिस्टरच्या वाट्याला किती पेशंट?

सलाईनच्या नळीवर एक छोटं चाक असतं. वर सरकवलं की थेंब धावतात, खाली ओढलं की थांबतात. बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं त्या रात्री, जिल्ह्याच्या गावातल्या एका सरकारी रुग्णालयात, नाईटच्या सिस्टरनी मला ते चाक शिकवलं. “दादा, बाटली इथवर आली की हाक मारा. मी येतेच. पण नाहीच जमलं लगेच, तर हे असं खाली ओढून ठेवा. नळीत थोडं रक्त चढलं तर घाबरू नका.” एवढं सांगून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या आणि तिथल्या सुनेला तेच चाक शिकवू लागल्या.

झोप लागेना म्हणून मी खाटा मोजल्या. खाटा ३०, खाटांवर आणि मधल्या जागेत टाकलेल्या गाद्यांवर मिळून पेशंट ४१. सिस्टर एक. जोडीला एक मावशी, पण त्यांचा निम्मा वेळ स्ट्रेचर ढकलण्यात जायचा. पहाटे तीनच्या सुमारास कोपऱ्यातल्या एका आजोबांचा श्वास बिघडला. सिस्टर अर्धा-पाऊण तास तिथेच अडकल्या आणि उरलेले ४० जण आपापल्या नातेवाइकांच्या भरवशावर राहिले. त्या रात्री काही वाईट घडलं नाही. बहुतेक रात्री घडत नाही, म्हणून तर हा आकडा खपून जातो.

एकेचाळीसला एक हे प्रमाण कुणी ठरवलेलं नव्हतं. ठरलेला आकडा निराळाच आहे, तो सरकारदरबारी छापून ठेवलेला आहे आणि ऐकायला चांगला भरघोस आहे. तो आकडा कसा काढतात, कागदावरून वॉर्डापर्यंत येताना तो कुठे कुठे गळतो, आणि जिथे तो खरोखर पाळला जातो तिथे तो कुणी पाळायला लावला, हे जरा सावकाश बघू.

आधी काम बघू. नाईट बारा तासांची धरली तर मिनिटं झाली ७२०. ४१ जणांत वाटली तर प्रत्येकाला साडेसतरा मिनिटं. त्यातून आधीच्या पाळीकडून ओव्हर घेणं आणि सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर देणं यात तासभर जातो. अँटिबायोटिकचं एक इंजेक्शन म्हणजे केसपेपर बघायचा, वायलमध्ये पाणी सोडून पावडर विरघळवायची, सिरिंजमध्ये ओढायची, पेशंटला नाव विचारायचं, इंट्राकॅथची जागा सुजली नाही ना ते बघायचं, औषध सावकाश आत सोडायचं आणि चार्टवर वेळ टाकून सही करायची. हात कितीही सराईत असला तरी पाच मिनिटं लागतात. दहाचा डोस वीस जणांना असेल तर शेवटच्या पेशंटला तो मिळेपर्यंत पावणेबारा वाजायला येतात. यात कुणाची कुचराई नाही, हा साधा गुणाकार आहे.

आणि हे झालं दिसणारं काम. सिस्टरचं खरं काम दिसत नाही. ते म्हणजे लक्ष असणं. ऑपरेशन झालेला माणूस सहसा एकाएकी कोसळत नाही. आधी काही तास नाडी जलद होते, श्वास उथळ होतो, लघवीच्या पिशवीतली पातळी वाढायची थांबते, बोलणं थोडं असंबद्ध होतं. डॉक्टर राऊंडला येऊन जातात. हे बदल दिसतात ते दर तासाला खाटेपाशी येणाऱ्या माणसाला. तासाला येणारी तीन तासांनी आली, तर बदल तोच असतो, फक्त कळायला उशीर होतो.

या उशिराची किंमत लिंडा एकन या अमेरिकी परिचारिका-संशोधकाने आणि तिच्या सहकाऱ्यांनी आकड्यांत मांडली. त्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांतले शस्त्रक्रियेचे सव्वादोन लाखांहून अधिक पेशंट तपासले आणि २००२ साली निष्कर्ष छापले: नर्सच्या वाट्याला एक पेशंट वाढला की तीस दिवसांच्या आत मृत्यू ओढवण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. चारऐवजी आठ पेशंट असतील तर ३१ टक्क्यांनी. हा अभ्यास दोन गोष्टींचा संबंध दाखवतो, एकीमुळे दुसरी घडते असं ठामपणे सिद्ध करत नाही, हे मान्य. पण अभ्यासातला वाईट टोकाचा आकडा होता आठ. आपल्याकडे आठ म्हणजे चैन.

आता आपला आकडा. परिचर्या व्यवसायाची स्थिती तपासायला केंद्र सरकारने १९८७ साली सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती नेमली. १९८९ च्या अहवालात तिने शिक्षण-रुग्णालयांच्या सर्वसाधारण वॉर्डासाठी तीन खाटांमागे एक नर्स सुचवली. भारतीय परिचर्या परिषदही हाच १:३ सांगते. वैद्यकीय महाविद्यालय नसलेल्या साध्या रुग्णालयांसाठी १:५. हे वाचून कुणालाही वाटेल, तीन पेशंटांमागे एक सिस्टर, मग तक्रार कसली?

मेख अशी की हे प्रमाण पदांचं आहे, पाळीचं नाही. दिवसाला तीन पाळ्या. म्हणजे १:३ म्हणजे प्रत्यक्षात दर पाळीला १:९. हे मी माझ्या मनाने काढत नाही, समितीनेच तसं म्हटलं होतं. त्याच हिशेबाने १:५ चे होतात १:१५. शिवाय सिस्टरही माणूस आहे. तिला आठवड्याची सुट्टी लागते, ती आजारी पडते, बाळंतपणाच्या रजेवर जाते. म्हणून वर ३० टक्के ‘रजा राखीव’ पदं धरायची असतात. केंद्र सरकारच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटने १९९१-९२ मध्ये केंद्रीय रुग्णालयांसाठी वेगळे निकष काढले. त्यांत सर्वसाधारण वॉर्डाला सहास एक आणि अतिदक्षता विभागाला एकास एक असं प्रमाण आहे. पण सुट्ट्या आणि रजांपोटी तिथे ४५ टक्के जादा पदं धरली आहेत. रुग्णालय ३६५ दिवस चालतं आणि माणूस चालत नाही, याची ती कबुली.

माझ्या बाबांच्या वॉर्डाएवढा ३० खाटांचा वॉर्ड घेऊन हिशेब करू. १:३ ने दहा पदं, त्यावर ३० टक्के, झाली तेरा. आठवड्याची सुट्टी आणि रजा वजा जाता रोज दहाएक जणी हजर राहतील. सकाळी चार, दुपारी तीन, रात्री तीन. बरं चाललं असतं. आता यातली चार पदं रिक्त धरा. सरकारी रुग्णालय माहीत असलेल्या कुणालाही हे अतिशयोक्त वाटणार नाही. उरल्या नऊ. रोज हजर सात. सकाळी तीन, दुपारी दोन, रात्री दोन. रात्रीच्या दोघींपैकी एकीला आयसीयूत माणूस कमी म्हणून मेट्रन उचलतात, किंवा ती सिरियस पेशंटबरोबर ॲम्ब्युलन्समधून मोठ्या रुग्णालयात जाते. उरली एक. आणि प्रमाण धरलं होतं खाटांवर, पेशंट मात्र गाद्यांवरही आहेत. ४१ ला एक हा आकडा असा तयार होतो. प्रत्येक पायरीवर थोडं गळतं, आणि कुठल्याच पायरीवर कुणी नियम मोडल्याचं दिसत नाही. मंजूर पदांचा तक्ता पुढे केला की प्रमाण ठीकच असतं.

हीच गळती बुजवायला दुसरीकडे काय केलं गेलं? त्यासाठी कॅलिफोर्नियाला जावं लागेल, कारण वॉर्डातल्या नर्सचं प्रमाण सगळ्या रुग्णालयांना कायद्याने बांधून देणारं अमेरिकेतलं ते पहिलं राज्य.

१९९० च्या दशकात तिथे खर्चकपातीची लाट होती. शिकलेल्या नर्सा कमी करून त्यांच्या जागी थोडं प्रशिक्षण दिलेले मदतनीस आणण्याचा सपाटा चालला होता. कॅलिफोर्निया नर्सेस असोसिएशन ही १९०३ साली स्थापन झालेली जुनी संघटना. १९९५ मध्ये ती आपल्या राष्ट्रीय मातृसंस्थेतून फुटून निघाली, कारण तिला परिषदा आणि ठराव यांपेक्षा लढाऊ कामगार संघटना व्हायचं होतं. तिने प्रमाणाचा प्रश्न हातात घेतला. शीला क्यूल या आमदार बाईंनी विधेयक मांडलं आणि १९९९ च्या ऑक्टोबरात गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी त्यावर सही केली.

गंमत म्हणजे त्या कायद्यात सर्वसाधारण वॉर्डासाठी आकडाच नव्हता. आकडे राज्याच्या आरोग्य खात्याने ठरवावेत, एवढंच होतं. मग खरी घासाघीस सुरू झाली. रुग्णालयांच्या संघटनेने सांगितलं, एका नर्सला दहा पेशंट चालतील. नर्सांच्या संघटनेने सांगितलं, तीन. खात्याने २००२ मध्ये जाहीर केलं: आधी सहा, मग २००५ पासून पाच. अंमल १ जानेवारी २००४ पासून. आयसीयूत दोनास एक, इमर्जन्सीत चारास एक, ऑपरेशन थिएटरात एकास एक, लहान मुलांच्या वॉर्डात चारास एक.

पण माझ्या मते आकड्यांपेक्षा महत्त्वाच्या आहेत त्यांच्याभोवतीच्या अटी. आपल्याकडे जिथे जिथे गळतं, नेमक्या तिथे तिथे तिकडे बूच मारलेलं दिसतं. मोजणी खाटांची नाही, त्या क्षणी वॉर्डात असलेल्या पेशंटांची. मंजूर पदांची नाही, प्रत्यक्ष हजर असलेल्या नर्सांची. इन्चार्ज सिस्टर टेबलाशी बसून वॉर्ड चालवत असेल तर तिला मोजायचं नाही. तिने स्वतः पेशंट घेतले असतील तरच ती धरायची. आणि प्रमाण ‘सदासर्वकाळ’ पाळायचं. या एका शब्दावरून कोर्टकज्जा झाला. रुग्णालयांचं म्हणणं, नर्स अर्धा तास जेवायला गेली तर तिचे पाच पेशंट शेजारणीने बघितले म्हणून काय बिघडलं? २००४ साली न्यायालयाने सांगितलं, सदासर्वकाळ म्हणजे जेवणाच्या सुट्टीतही. तेव्हापासून तिथे ‘ब्रेक रिलीफ नर्स’ नावाची भूमिका दिसते. ती पाळीभर एकेकीचे पेशंट ताब्यात घेते आणि एकेकीला जेवायला सोडते. आपल्याकडच्या सिस्टरने हे ऐकलं तर ती आधी हसेल.

शिवाय हे प्रमाण म्हणजे कमाल नाही, किमान. पेशंट जास्त नाजूक असतील तर त्या वॉर्डात त्याहून जास्त नर्सा द्याव्या लागतात, आणि पेशंटची अवस्था मोजण्याची पद्धत रुग्णालयाने ठेवली पाहिजे, अशी अट आहे.

आपल्या ३० खाटांच्या वॉर्डाला ही फूटपट्टी लावून बघा. पाचास एक म्हणजे प्रत्येक क्षणी सहा नर्सा. तिथे बारा तासांच्या दोन पाळ्या सर्रास असतात; रोज बारा ड्युट्या, आठवड्याला ८४. एक नर्स आठवड्याला तीन ड्युट्या करते. म्हणजे नुसत्या ड्युट्या भरायला २८ जणी, आणि रजा, आजारपण, जेवणाची सुट्टी धरली तर तीसच्या पुढे. आपल्याकडे कागदावर तेरा. ही तुलना अगदी सरळ नाही, हेही सांगायला हवं. तिकडची नर्स पेशंटला पुसून काढण्यापासून कूस बदलण्यापर्यंत बरंचसं स्वतः करते. आपल्याकडे ते काम मुलगा, सून, मावशी करतात. आपल्या रुग्णालयांची व्यवस्था नातेवाईक हा बिनपगारी कर्मचारी धरूनच आखलेली असते, फक्त तो कुठल्या तक्त्यात दाखवत नाहीत.

कायदा झाला म्हणजे झालं, असं तिथेही नव्हतं. २००४ च्या नोव्हेंबरात, पाचास एकचा टप्पा सुरू व्हायला दोन महिने असताना, नवे गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी आणीबाणीचा नियम काढून तो टप्पा २००८ पर्यंत पुढे ढकलला. टर्मिनेटरचा हिरो तेव्हा लोकप्रियतेच्या शिखरावर होता. डिसेंबरात लाँग बीचला महिलांच्या एका परिषदेत ते भाषण करत असताना काही नर्सांनी फलक उंचावला. तिकडे लक्ष देऊ नका, ही हितसंबंधी मंडळी आहेत, मी त्यांना सतत लाथाडतो म्हणून त्यांना मी आवडत नाही, अशा अर्थाचं ते बोलले. महिलांच्या परिषदेत, नर्सांबद्दल. त्यानंतर जवळपास वर्षभर गव्हर्नर निधी गोळा करायला जिथे जातील तिथे दाराशी नर्सा उभ्या असत. मार्च २००५ मध्ये न्यायालयाने त्यांचा नियम बेकायदा ठरवला. नोव्हेंबरात त्यांनी मोठ्या हौसेने विशेष मतदान घेतलं आणि त्यांनी उचलून धरलेले चारही प्रस्ताव पडले. त्यानंतर त्यांनी अपील सोडून दिलं. रोझ ॲन डीमोरो या तेव्हा संघटनेच्या प्रमुख होत्या. पगारवाढीऐवजी पेशंटची सुरक्षितता पुढे ठेवली की सामान्य मतदार आपल्या बाजूला उभा राहतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

तरीही हे सगळं झालं वरच्या पातळीवर. रात्री दोन वाजता, पाचऐवजी सात पेशंट हातात आले तर नर्सने करायचं काय? मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत शिकण्यासारखी वाटते ती एक साधी कागदी गोष्ट. संघटनेचा एक छापील फॉर्म असतो, ‘असाइनमेंट डिस्पाइट ऑब्जेक्शन’, बोलीत एडीओ. ‘हरकत नोंदवून घेतलेली ड्युटी’ असं आपण म्हणू. नर्स काम नाकारत नाही. पेशंटला सोडून जाणं हा तिच्या परवान्यावर गदा आणणारा गुन्हा ठरू शकतो. ती आधी सुपरवायझरला तोंडी सांगते: हे पेशंट माझ्या हातात सुरक्षित नाहीत, आणखी माणूस द्या. माणूस मिळाला नाही तर फॉर्म भरते. वॉर्ड कोणता, वेळ काय, पेशंट किती, नर्सा किती, त्यांतली नवखी कोण, कुणाला सांगितलं, काय उत्तर मिळालं, आणि काय राहून गेलं: औषध उशिरा, कूस बदलली नाही, जेवण बुडालं. प्रती काढते. एक सुपरवायझरला, एक संघटनेला, एक स्वतःजवळ.

यातून दोन गोष्टी होतात. उद्या काही विपरीत घडलं तर ‘नर्सचं लक्ष नव्हतं’ या वाक्याला उत्तर म्हणून कागद असतो. आणि संघटनेकडे असे शेकडो कागद साठले की त्यांतून चित्र उभं राहतं: अमुक वॉर्डात, शनिवार-रविवारच्या रात्री, गेले चार महिने. करारानुसार नेमलेल्या समितीत व्यवस्थापनासमोर तो गठ्ठा ठेवला जातो, किंवा राज्याच्या खात्याकडे तक्रार म्हणून जातो. व्यवस्थापनाकडे आकडे असतातच. संघटनेने स्वतःचे आकडे तयार केले. खात्याच्या हाती मात्र दात उशिरा आले. प्रमाण मोडल्याबद्दल ठरावीक दंडाची तरतूद २०१९ च्या कायद्याने झाली: पहिल्यांदा १५ हजार डॉलर, पुढे दर वेळी ३० हजार. मधली पंधरा वर्षं प्रमाण टिकलं ते बरंचसं या कागदांवर.

न्यूयॉर्कच्या नर्सांनी याच्या पुढची पायरी गाठली. जानेवारी २०२३ मध्ये माउंट सायनाय आणि माँटेफिओर या दोन मोठ्या रुग्णालयांतल्या सुमारे सात हजार नर्सा तीन दिवस संपावर होत्या. करारात त्यांनी मिळवलं ते असं: प्रमाण मोडलं तर लवाद बसणार, आणि कमी माणसांत जिने पाळी ओढली तिला रुग्णालयाने भरपाई द्यायची. त्याच वर्षी लवादाने नवजात बालकांच्या आयसीयूतल्या नर्सांना सव्वा लाख डॉलरहून अधिक रक्कम द्यायला लावली. एक माणूस कमी ठेवून वाचवलेला पगार उरलेल्यांना वाटावा लागला, तर माणूस कमी ठेवण्यात राम राहत नाही.

संपाचं तंत्रही समजून घेण्यासारखं आहे, कारण ‘नर्सांनी संप करावा का’ या प्रश्नावर आपल्याकडे चर्चा लगेच नीतिमत्तेवर घसरते. अमेरिकेत १९७४ पासून कायदा आहे की रुग्णालयातल्या संपाची दहा दिवस आधी लेखी नोटीस द्यायची. त्या दहा दिवसांत रुग्णालय नव्या भरत्या थांबवतं, पुढे ढकलता येणारी ऑपरेशनं ढकलतं, पेशंट दुसरीकडे हलवतं, एजन्सीमार्फत बदली नर्सा आणतं. या एजन्स्यांचा करार बहुधा किमान पाच दिवसांचा असतो. त्यामुळे एका दिवसाच्या संपाला रुग्णालय पाच दिवस बाहेर ठेवून उत्तर देतं आणि नर्सांचा पाच दिवसांचा पगार बुडतो. दोन्हीकडची जखम आधीच मोजलेली असते.

आक्षेप घेणारेही सगळे लबाड नाहीत. मॅसॅच्युसेट्समध्ये २०१८ साली हाच प्रश्न थेट मतदारांसमोर ठेवला गेला आणि सुमारे ७० टक्के लोकांनी तो फेटाळला. लहान रुग्णालयं बंद पडतील ही भीती होती, आणि खुद्द नर्सांमध्येही दुमत होतं. कॅलिफोर्नियात कायदा लागू झाल्यावर लगेच केलेल्या पाहणीत पेशंट पडण्याच्या घटना किंवा बेडसोअर यांत ठळक फरक दिसला नव्हता. दुसरीकडे एकन यांनीच २०१० साली तीन राज्यांची तुलना केली, तेव्हा न्यू जर्सीत कॅलिफोर्नियाएवढं प्रमाण असतं तर शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू सुमारे १४ टक्क्यांनी कमी झाले असते, असा त्यांचा अंदाज निघाला. मला स्वतःला एकच आकडा सगळ्या वॉर्डांना ठोकून बसवणं थोडं आडमुठं वाटतं. त्यापेक्षा ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याची रीत शहाणपणाची आहे. तिथे २००० साली लवादाने मोठ्या रुग्णालयांच्या वॉर्डांसाठी ‘वीस पेशंटांना पाच नर्सा’ असं सांगितलं, आणि २०१५ मध्ये अशा प्रमाणांचा कायदा झाला. चारास एक आणि विसास पाच हे गणितात एकच. पण दुसऱ्या रीतीत इन्चार्जच्या हाताला सैलपणा राहतो: दोन जड पेशंट एकीला, सहा हलके दुसरीला. आकडा वॉर्डाचा, वाटणी सिस्टरांची.

इकडे आपल्या देशात संघटनांना प्रमाणापर्यंत पोचायलाच वेळ मिळालेला नाही. त्यांची शक्ती पगारात आणि नोकरी टिकवण्यात खर्च झाली. मुंबई-पुण्याच्या खाजगी रुग्णालयांत वर्षानुवर्षं केरळच्या मुलींची मोठी भरती असते. नोकरी सोडता येऊ नये म्हणून त्यांच्याकडून बाँड लिहून घेणं, मूळ प्रमाणपत्रं कपाटात अडकवून ठेवणं, हे सर्रास चालायचं. त्या असंतोषातून २०११ साली केरळात युनायटेड नर्सेस असोसिएशन उभी राहिली. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाच्या याचिकेवर २९ जानेवारी २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला समिती नेमायला सांगितलं. त्यानुसार नेमलेल्या जगदीश प्रसाद समितीने सुचवलं की २०० खाटांहून मोठ्या खाजगी रुग्णालयांत नर्सला सरकारी नर्सएवढा पगार असावा, आणि ५० खाटांहून लहान रुग्णालयांतही महिना २० हजारांहून कमी नसावा. ही शिफारस, बंधन नव्हे. बाकी राज्यांवर सोडलं. केरळात एप्रिल २०१८ मध्ये, संघटनेची लाँग मार्चची तयारी झाल्यावर, सरकारने २० हजारांचं किमान वेतन जाहीर केलं.

पगार आणि प्रमाण या दोन गोष्टी वेगळ्या वाटतात, पण आहेत एकाच नाण्याच्या दोन बाजू. कमी पगाराच्या वॉर्डात अनुभवी सिस्टर टिकत नाही. वर्षभर काम शिकून आखातात किंवा लंडनला जाते. मग ड्युटी लिस्टवर नावं पुरेशी दिसतात, पण नाईटला दोघींपैकी एकीला वॉर्डाचं कपाटही ठाऊक नसतं.

महाराष्ट्रात सरकारी अधिपरिचारिकांची महाराष्ट्र राज्य परिचारिका संघटना आहे. २०२२ च्या मे महिन्यात ती संपावर गेली ती खाजगी एजन्सीमार्फत पदं भरण्याच्या निर्णयाविरुद्ध. वर्तमानपत्रांत बातमी आली ती अडलेल्या ऑपरेशनांची. पण कंत्राटाचा प्रमाणाशी संबंध सरळ आहे. बाहेरून आलेली, अकरा महिन्यांची ऑर्डर हातात असलेली मुलगी ‘एवढे पेशंट मी एकटी बघू शकत नाही’ असं लेखी देईल का? कायम नोकरीतल्याही कचरतात. वर अत्यावश्यक सेवांतला संप रोखणारा मेस्मा कायदा आहेच. कॅलिफोर्नियातला तो फॉर्म कुणीही भाषांतर करून छापू शकेल. तो भरणारीला दुसऱ्या दिवशी बदलीची ऑर्डर येणार नाही, याची हमी देणारं मागे कुणी लागतं.

मोजणी मात्र आपल्याकडेही होते, हे मला बाबांच्या डिस्चार्जच्या दिवशी कळलं. कागदाची वाट बघत टेबलाशी उभा होतो. नाईटच्या सिस्टर ओव्हर देत होत्या. समोर लाल रेघांची जाड वही. वरच्या ओळीत तारीख आणि पाळी, मग एकूण पेशंट, नवीन भरती, डिस्चार्ज, सिरियस, मृत्यू. त्यांनी लिहिलं: एकूण ४३. खाली प्रत्येक सिरियस पेशंटची दोन-दोन ओळींत हकिकत, अक्षर शेवटी शेवटी तिरपं होत गेलेलं. आणि तळाला ड्युटीवर असलेल्यांच्या सह्यांसाठी तीन रकाने. एकात त्यांनी सही केली, बाकी दोनांवर आडवी रेघ मारली, वही मिटून कपाटात आधीच्या वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवली, आणि सकाळच्या सिस्टरना म्हणाल्या, “सतराचं सलाईन लावून ठेवलंय. चाक त्यांच्या मुलीला दाखवलंय.”